निर्बंध हवेत, पण जिल्ह्याच्या सीमेवर नकोत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोविडसारखी साथ पुन्हा आली तर राज्याने प्रवासबंदी आणि गर्दीवर मर्यादा घालाव्यात की नाही, यावर आपल्या पत्रसदरात वाद चालू आहे. ‘रोग पसरायचा तो पसरलाच, मग लोकांना कोंडले कशाला?’ असे एक म्हणतो. ‘पोलिसांचा दंडुका कमी पडला,’ असे दुसरा. दोन्ही बाजूंची पत्रे वाचताना डोळ्यांसमोर येतात ती नागपूरची सीताबर्डी नाहीतर पुण्याचा लक्ष्मी रोड. आर्णी, झरी जामणी, धारणी, कुरखेडा या विदर्भातल्या आडबाजूच्या तालुक्यांचा विचार करून लिहिलेले काही दिसले नाही, म्हणून हे पत्र.

निर्बंध नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. ते कुठल्या रेषेवर लावायचे आणि कशाने मोजायचे, इथेच घोडे पेंड खाते. २०२० ते २०२२ मध्ये रेषा होती जिल्ह्याची आणि माप होते माणसांच्या संख्येचे. आमच्याकडे दोन्ही चुकले.

आधी प्रवासबंदी. तिचा उपयोग रोग बाहेर आहे आणि गावात नाही, तेवढ्या काळापुरताच असतो. जानेवारी २०२० मध्ये वुहान बंद केल्याने चीनच्या इतर भागांतली साथ जेमतेम ३ ते ५ दिवस लांबली, असे पुढे अभ्यासात दिसले. बंदी येण्याआधीच लागण झालेली माणसे शहराबाहेर पडली होती. आपल्याकडे मात्र गडचिरोली आणि वर्धा या जिल्ह्यांत मे २०२० उजाडेपर्यंत रुग्ण नव्हता. मार्चच्या चौथ्या आठवड्यात राज्याने जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या, त्याचा यात वाटा आहे, हे बंदीच्या विरोधकांनीही मान्य करावे.

फेब्रुवारी २०२१ ची गोष्ट वेगळी. दुसरी लाट आधी अमरावती, अकोला, यवतमाळकडेच दिसली. २२ फेब्रुवारीच्या रात्रीपासून अमरावती आणि अचलपूर शहरे बंद झाली. आंतरजिल्हा प्रवासावर राज्याचे कडक निर्बंध आले २२ एप्रिलला, म्हणजे बरोबर दोन महिन्यांनी. तोवर रोग खेड्यात पोचला होता आणि नाक्यावरचा शिपाई अडवत होता तो दवाखान्यात निघालेल्याला. लागण झाल्यापासून लक्षण दिसेपर्यंत सरासरी ५–६ दिवस जातात आणि लक्षणाच्या दोन दिवस आधीपासून माणूस रोग देऊ लागतो. त्यामुळे कपाळावर रोखायची ती ताप मोजणारी यंत्रे खऱ्या रुग्णांना सोडून देत होती. एप्रिल-मेच्या उन्हात मोटारसायकलवरून आलेल्याचे कपाळ तसेही तापलेलेच असते. त्याला अडवून सावलीत दहा मिनिटे बसवायचे आणि मग मोजायचे, एवढी सूचनासुद्धा कित्येक नाक्यांवर पोचली नव्हती.

आता रेषेकडे येऊ. ४ जून २०२१ च्या आदेशाने राज्याने पाच स्तर ठरवले. बाधितांचे प्रमाण ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजनच्या २५ टक्क्यांपेक्षा कमी खाटा भरलेल्या असतील तर पहिला स्तर; प्रमाण २० टक्क्यांवर किंवा ७५ टक्क्यांहून जास्त खाटा भरल्या असतील तर पाचवा. कल्पना चांगली होती. २०११ च्या जनगणनेत १० लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिका वेगळ्या मोजायच्या, बाकी सगळा जिल्हा एकत्र. नागपूर शहर त्यामुळे ग्रामीणपासून वेगळे झाले. अमरावती शहर १० लाखांच्या आत, म्हणून अमरावती आणि तिथून दीडशेक किलोमीटरवरचे मेळघाटातले धारणी एकाच तागडीत. गडचिरोली शहर आणि दोनशे किलोमीटरवरचे सिरोंचाही तसेच.

याने काय होते ते आकड्यांत बघा. समजा, एका आठवड्यात जिल्ह्याच्या शहरात २,००० तपासण्या झाल्या आणि ८० बाधित निघाले, म्हणजे ४ टक्के. आडबाजूच्या तालुक्यात तपासण्या १०० आणि बाधित २२, म्हणजे २२ टक्के. बेरीज केली तर २,१०० मध्ये १०२, म्हणजे ४.९ टक्के. पेटलेला तालुका कागदावर पहिल्या स्तरात बसतो. उलटही घडते: शहर पेटले की जिथे महिनाभर ताप नाही त्या गावाचा आठवडी बाजार बंद. त्यात जलद अँटिजेन तपासण्या वाढवल्या की टक्केवारी आपोआप खाली येते, कारण त्या चाचणीतून बरेच बाधित निसटतात. सरकारच्याही हे लक्षात आले आणि २५ जून २०२१ ला फक्त आरटी-पीसीआरचे प्रमाण धरा, असा आदेश निघाला. पण त्याच आदेशाने सगळे जिल्हे किमान तिसऱ्या स्तरात टाकले आणि मोजदादीला अर्थच उरला नाही.

विदर्भात ११ जिल्हे आणि १२० तालुके आहेत. एकक तालुका हवे, आणि तालुका मोठा असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे क्षेत्र. आठवड्यात १०० पेक्षा कमी आरटी-पीसीआर झाल्या असतील तिथे टक्केवारी काढूच नये. दोन-चार अहवालांनी ती वरखाली उड्या मारते. तिथे तीन गोष्टी बघाव्यात: आशांच्या नोंदवहीतले नवे तापाचे रुग्ण, ऑक्सिजन ९५ च्या खाली आलेली माणसे, आणि ग्रामीण रुग्णालयात ऑक्सिजनवर असलेले. ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेपासून, म्हणजे सप्टेंबर २०२० पासून, ऑक्सिमीटर आशांच्या हातात आले. या नोंदी गावातच तयार असतात. तपासणीचा अहवाल जिल्ह्याच्या नाहीतर नागपूरच्या प्रयोगशाळेतून यायला दोन-तीन दिवस लागले की आठवड्याची टक्केवारी शिळीच हातात येते. आशाची वही त्याच संध्याकाळी वाचता येते.

जिल्ह्याची सीमा आमच्याकडे बहुतेक ठिकाणी नदी आहे, आणि नदीच्या दोन्ही काठांचा बाजार एकच असतो. वैनगंगेच्या अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा. वर्धा नदीच्या एका अंगाला पुलगाव, दुसऱ्या अंगाला धामणगाव रेल्वे. उमरखेडचा माणूस मोठ्या दवाखान्यासाठी यवतमाळपेक्षा नांदेडला जातो. घर एका जिल्ह्यात आणि वावर दुसऱ्यात, अशी कुटुंबे प्रत्येक काठावर सापडतील. राज्याची सीमाही निराळी नाही. जानेवारीपासून चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडचे मजूर मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्च २०२० च्या शेवटी काम थांबले, ठेकेदार फिरकेना आणि सगळ्या गाड्या बंद. माणसे पायी निघाली, डोंग्यांनी नद्या ओलांडून आली. नाक्यावरून आली असती तर त्यांची नोंद झाली असती आणि कोणाला ताप आहे ते कळले असते. नाका बंद होता, म्हणून ती जंगलातून आली आणि नोंद राहून गेली. बंदीने माणूस थांबत नाही तेव्हा तो दिसेनासा होतो, आणि साथीत याहून वाईट काही नसते.

ई-पासची तऱ्हा तर सांगायलाच नको. फोटो, गाडीचा क्रमांक, कारण, लक्षणे नसल्याचा डॉक्टरचा दाखला, सगळे मोबाइलवरून चढवायचे. त्या दाखल्यासाठी ग्रामीण रुग्णालयाच्या दारात रांगा, म्हणजे धडधाकट माणसे तापाच्या रुग्णांशेजारी तासन्‌तास उभी. २० ऑगस्ट २०२० पासून एसटी बिनापास जिल्ह्याबाहेर जाऊ लागली, पण स्वतःच्या मोटारीला २ सप्टेंबरपर्यंत पास लागतच होता. वीसेक अनोळखी माणसांबरोबर गेलात तर चालेल, घरच्या तिघांबरोबर नाही! २२ ऑगस्टला केंद्राच्या गृहसचिवांना, राज्यांतर्गत प्रवास अडवू नका, असे पत्र लिहावे लागले ते उगीच नव्हे.

पुढच्या वेळी काठावरच्या गावांसाठी हंगामी पास असावा. सीमेपासून २५ किलोमीटरच्या आतल्या दोन्ही बाजूंच्या गावांची यादी दोन्ही तहसीलदारांनी मिळून आधीच करून ठेवावी. पास तलाठ्याने सातबारा किंवा मजुरीचे ठिकाण बघून कागदावर द्यावा, मुदत एका हंगामाची. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा लागते. सिकलसेलच्या रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया खंड न पडता घ्यावे लागते. गरोदर बाईची तारीख कोणाला विचारून येत नाही. या तिघांना पास मागूच नये, दवाखान्याचे कार्ड पुरे. मार्च-एप्रिल २०२० मध्ये गावांनी स्वतःहून वेशीवर काटेरी फांद्या आणि बैलगाड्या आडव्या टाकल्या होत्या. भीतीपोटी टाकल्या हे समजते, पण १०८ आणि १०२ च्या गाड्यांना वाट उरली नाही. अडवायचेच तर आडवा बांबू लावा, एका माणसाला एका हाताने उचलता येईल असा, आणि रात्री तिथे माणूस ठेवा.

बाहेरून आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत १४ दिवस ठेवायची पद्धत तत्त्वतः बरी होती. बिघडायची ती खोल्यांच्या वाटपात. सोमवारी आलेल्या सहांच्या खोलीत गुरुवारी आलेले चार घातले की पहिल्या सहांचे तीन दिवस पाण्यात. नव्यांपैकी एक बाधित निघाला तर सगळ्यांचे १४ दिवस नव्याने मोजायचे. आल्या तारखेप्रमाणे खोली, हा एकच नियम दारावर खडूने लिहून पाळला तरी पुष्कळ. संडास एकच असेल तर त्याची वेळही खोलीवार. शाळेपेक्षा वावरातली खोपडी केव्हाही चांगली: हवा मोकळी, घरून डबा बांधावर ठेवता येतो. पावसाळ्यात मात्र सापाची भीती असते आणि खोपडीत वीज नसते, हे धरून खाट आणि बॅटरी ग्रामपंचायतीने द्यावी.

गर्दीच्या मर्यादेचा घोळ याहून मोठा. २० एप्रिल २०२१ च्या आदेशाने किराणा, भाजी आणि शेतीसाहित्याची दुकाने सकाळी ७ ते ११ एवढीच उघडी. शहरात कोपऱ्यावर दुकान असते. इथे गावाची पहिली गाडी तालुक्याला पोचते नऊ-साडेनऊला. दिवसभर विखरून येणारी माणसे दीड तासात एका काउंटरवर चढली. गर्दी कमी करायची तर वेळ वाढवायला हवा होता.

बाजाराचाही हिशेब मांडता येतो. १०० मीटर लांब, ६० मीटर रुंद शाळेचे मैदान घ्या. दुकान ३ मीटर रुंद, २ मीटर खोल. दोन दुकानांत ३ मीटर मोकळे. दोन ओळींत ६ मीटरची वाट. एका ओळीत १६ दुकाने आणि ७ ओळी, म्हणजे ११२ दुकाने. एरवीचा मोठ्या गावचा बाजार यात मावत नाही, म्हणून तो आठवड्यातून दोनदा भरवायचा: एक दिवस भाजी-मसाला, एक दिवस कापड-भांडी. बैलबाजार वेगळ्या जागी. वाटांचे क्षेत्र ४,२०० चौरस मीटर. माणशी १० चौरस मीटर धरले तर एका वेळी ४२० गिऱ्हाईक. बाजाराला पाऊण तास लागतो. सकाळी ७ ते संध्याकाळी ५ मैदान उघडे ठेवले तर साडेपाच हजार माणसे निर्धास्त बाजार करून जातात. चार तासच ठेवले तर सव्वादोन हजार, बाकीची फाटकावर लोंबकळतात. फाटके दोन हवीत, एक आत जायला आणि एक बाहेर यायला. चुन्याच्या रेघा आदल्या रात्री मारल्या तर पहाटेच्या दवाने पुसट होतात. सहाच्या आधी ताज्या माराव्यात. एका गावचा बाजार बंद करून शेजारचा चालू ठेवला तर दोन्ही गावांची माणसे एकाच बाजारात उतरतात, म्हणून निर्णय बाजारपट्ट्याचा एकत्र घ्यावा, ग्रामपंचायतीगणिक नको.

बियाण्या-खताचेही असेच. २०० खातेदारांच्या गावात सरासरी ४ एकर धरले तर ८०० एकर. निम्म्यावर सोयाबीन, एकरी ३० किलोची एक पिशवी, म्हणजे ४०० पिशव्या, १२ टन. उरलेल्या ४०० एकरांत कपाशी, एकरी दोन पाकिटे, म्हणजे ८०० पाकिटे. ती तर एका जीपमध्ये बसतात. दोन फेऱ्यांत गावाचे बियाणे गावात येते आणि २०० माणसांची तालुक्याची वारी वाचते. कृषी विभागाने २०२० मध्ये ‘बांधावर’ खत-बियाणे देण्याची मोहीम काढली ती याचसाठी. ती जिथे रखडली तिथे कारणे दोन. शेतकरी आपल्या ठरलेल्या कृषी केंद्रातून उधारीवर माल उचलतो. गटाला मात्र रोख मोजावी लागते आणि पीककर्ज जूनपर्यंत हातात आलेले नसते. दुसरे, गटाच्या नावाने एकच बिल फाडले की शेतकऱ्याकडे पावती राहत नाही. त्याच खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी ढिगाने आल्या. पावती, पिशवीवरचे लेबल आणि लॉट नंबर नसेल तर तक्रार टिकत नाही. म्हणून माल एकत्र आणा, बिल मात्र प्रत्येकाच्या नावाचे घ्या.

लग्नाला २५ माणसे, २ तास, मोडल्यास ५० हजार रुपये दंड, असा नियम एप्रिल २०२१ मध्ये होता. कार्यालयात माणसे मोजली गेली, बाकीचे सगळे घरात शिरले. साक्षगंध, हळद, वऱ्हाडाचा मुक्काम, बायकांचा स्वयंपाक बंद खोल्यांत. आणि वऱ्हाड आले ते एका गाडीत चौदा, काचा लावून. दोन तासांचे मंगलाष्टक-अक्षता मोकळ्या अंगणात झाल्या असत्या तर त्यांतून फारसे काही झाले नसते. रोग पसरतो तो तीन गोष्टी जुळल्या की: बंद हवा, उघडे तोंड, जास्त वेळ. त्या जुळतात गाडीत, पंगतीत आणि मुक्कामाला.

तेव्हा मोजायचे ते इथे. लग्न दिवसा आणि मुक्कामाशिवाय. मांडवाच्या किमान दोन समोरासमोरच्या बाजूंची कनात काढलेली. पंगत उघड्यावर, एका आड एक, आणि वाढप्यांनी तोंड झाकलेले. उन्हाळ्यात प्रश्न कूलरचा. डेझर्ट कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने लावला आणि समोरचे दार-खिडकी उघडी ठेवली तर तो बाहेरची ताजी हवा आत ढकलतो. खोलीतला वारा सतत बदलतो. तोच कूलर खोलीच्या आत स्टँडवर ठेवला तर तीच हवा गोल फिरते, वर दमटपणा येतो. एसी लावलेल्या कार्यालयापेक्षा खिडकीतल्या कूलरचे साधे घर परवडले. आणि माणसे मोजत बसण्यापेक्षा खुर्च्या मोजा. गावात किती खुर्च्या गेल्या हे बिछायत केंद्रवाल्याच्या वहीत असते. कुठल्या तारखेला कुठे मांडव आहे हेही त्यालाच आधी कळते. आचारी आणि बिछायतवाला यांनी तीन दिवस आधी ग्रामपंचायतीला कळवायचे, एवढी अट घातली तर पोलिसांना दारोदार हिंडावे लागणार नाही. ५० हजारांचा दंड तर कोणी वसूलही करत नाही. एवढा मोठा आकडा पाहिला की दोन्ही बाजू तडजोडीला बसतात. आधी लेखी समज, मग २ हजार, मग १०, असा चढता दंड लागू होऊ शकतो.

मौतीला २० माणसे, ही मर्यादा स्मशानापुरती. मोकळ्या घाटावर अर्धा तास उभे राहणाऱ्यांवर नियम, आणि पुढे तेरवीपर्यंत त्याच एका खोलीत रोज भेटीला येणाऱ्या शंभरांवर काही नाही! भेटीची बैठक ओट्यावर किंवा झाडाखाली बसवा, सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळ ठेवा. लोक ऐकतात, सांगणारा पोलीस पाटील नसून घरातला वडीलधारा असेल तर लवकर ऐकतात.

नेत्यांनाही हेच लागू असावे. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींची निवडणूक घेतली आणि २३ फेब्रुवारीला मंत्र्याच्या दौऱ्यासाठी पोहरादेवीला हजारोंचा जमाव गोळा झाला. त्यानंतर २५ माणसांच्या लग्नाला कोणी कुठल्या तोंडाने दंड मागायचा?

एसटीबद्दल एकच. ४४ आसनांच्या गाडीत २२ बसवायचे ठरले तर फेऱ्या दुप्पट हव्यात. फेऱ्या तेवढ्याच ठेवून आसने निम्मी केली की उरलेले २२ काळीपिवळी जीपमध्ये कोंबून जातात. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली तेव्हा संपामुळे बहुतेक एसटी आगारातच उभ्या होत्या. काळीपिवळीत काय चालले आहे हे कोणी बघितले नाही.

शेवटी कायदा. हे सगळे आदेश निघाले १८९७ च्या साथरोग अधिनियमाच्या कलम २ खाली आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाखाली. पहिल्या कायद्यात आदेशाला मुदतच नाही. शिक्षा होती भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली, आणि त्यात संबंधित अधिकाऱ्याने स्वतः लेखी तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. ठाण्यात नुसते गुन्हे नोंदवून काय साधले? १ जुलै २०२४ पासून १८८ च्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम २२३ आणि फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या जमावबंदीच्या कलम १४४ च्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ आले. आकडे बदलले, अडचण तीच. विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मधल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा असल्याचे म्हटले आहे. नवा कायदा होईल तेव्हा होवो. राज्याला आजच एवढे करता येईल: प्रत्येक आदेश तालुक्यापुरता, जास्तीत जास्त १४ दिवसांचा, आणि तो ज्या आकड्यांवर काढला ते आकडे आदेशातच. मूळ आदेश मराठीत, आणि अमलात येण्याच्या ४८ तास आधी. २४ मार्च २०२० सारखी चार तासांची सूचना पुन्हा नको. आदेशाची प्रत दुपारी चारच्या आत ग्रामपंचायतीत पोचली तरच कोतवाल त्या संध्याकाळी दवंडी देऊ शकतो.

आपले,
दोन निवृत्त ग्रामविकास अधिकारी आणि एक निवृत्त आरोग्य सहायक,
ता. आर्णी, जि. यवतमाळ